इंगळेबाईंच्या चित्रातली भिंत

फेब्रुवारीचा तिसरा रविवार, सकाळी साडेनऊ. ठरलेली रक्कम दीड हजार रुपये. हजर तिघे: सोसायटीचे अध्यक्ष परबकाका, खजिनदार म्हणून मी, आणि बी विंगमध्ये तळमजल्यावर दोन नंबरला राहणाऱ्या इंगळेबाई. ठिकाण सोसायटीचं ऑफिस, म्हणजे जिन्याखालची सहा बाय आठची खोली. सोसायटीला पंचवीस वर्षं होत होती. निमंत्रणपत्रिकेवर छापायला आणि मग फ्रेम करून ऑफिसात लावायला बाईंनी बागेचं एक चित्र काढून द्यायचं होतं.

रक्कम ऐकून बाई घाबरल्या. "दीड हजार? एवढे कशाला? आणि बिघडलं तर?"

"बिघडलं तर दुसरं काढा," परबकाका म्हणाले. "कागदच तो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. बिघडलेला कागद फेकून देता येतो, हे त्यांना कधीच पटलं नव्हतं.

ते दीड हजार रुपये पुढे पंधरा महिने आमच्या हिशेबात देणं म्हणून पडून राहिले. ते का राहिले, हे सांगायचं तर आधी बाई कशा होत्या ते सांगायला हवं.

बाई मूळच्या वाशीमकडच्या. मुंबईत एका सरकारी बांधकाम कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं ट्रेसरची नोकरी केली. इंजिनिअरनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि खालची रेघ वर जशीच्या तशी उतरवायची, हे ट्रेसरचं काम. "ट्रेसरनं सुधारायचं नसतं," त्या सांगायच्या. "साहेबाची रेघ वाकडी असली तर माझीही वाकडी. वाटलं तर विचारायचं. पण विचारायला भीती वाटायची, मग नाहीच विचारायचं." लग्न केलं नव्हतं. कांजूरमार्गला एक भाची होती, तेवढंच जवळचं माणूस.

भीती त्यांच्या अंगातच होती. गॅसचं बटण बंद केल्यावर त्या तीनदा हात लावून बघत आणि तोंडानं मोजत, एक, दोन, तीन. लिफ्टमध्ये कधी पाय ठेवला नाही. टपालातून लांब पाकीट आलं तर ते उघडायला वर माझ्याकडे आणत. "नाईकसाहेब, तुम्हीच बघा, काही सरकारी तर नाही ना?" बहुतेक वेळा ते विजेचं बिल असे. माझी बायको शुभदा म्हणायची, "अहो, त्यांच्या घरात उंदीर आला तर उंदरालाच आधी पाणी पाजावं लागेल, बाईंची ओरड ऐकून." बाईंना हे कळलं तेव्हा त्या मनापासून हसल्या. आणि दुसऱ्या दिवशी उंदराचा पिंजरा घेऊन आल्या.

नोकरीतून सुटल्यावर त्या जलरंग शिकल्या. दरवर्षी फेब्रुवारीअखेर, थंडी ओसरून बाग भरली की त्या सलग चार सकाळी बसून एक चित्र काढत. एकच, आणि तेही नेहमी त्याच जागेवरून.

बाग म्हणजे घाटकोपरच्या डोंगराच्या पायथ्याशी, आमची बी विंग आणि डोंगर अडवणारी दगडी भिंत यांच्यामधली पट्टी. चाळीस फूट लांब, नऊ फूट रुंद. ती परबकाकांनी केलेली. पिटुनिया, फ्लॉक्स, डेलिया, आणि भिंतीवरून खाली सांडणारी राणी रंगाची बोगनवेल. पट्टीच्या पलीकडच्या टोकाला पंपरूम, आणि तिच्या कोपऱ्यावर गच्चीचं पाणी उतरवणारा एक काळा उभा पाइप. बाई गेटकडच्या टोकाला बसत. त्यांच्या स्टुलाच्या तीन पायांसाठी फरशीवर चुन्याचे तीन ठिपके होते. ते पुसट झाले की त्या पुन्हा गडद करत. तिथून बघितलं की डाव्या हाताला भिंत लांबवर जाताना दिसे, तिच्या पायाशी फुलांच्या रांगा, आणि अगदी टोकाला, भिंतीच्या कडेपासून थोडं सुटून, तो पाइप.

मी एका वर्षी हौसेनं त्यांच्याशेजारी बसलो होतो. एक पांढरा पिटुनिया काढला. बाईंनी बघितला.

"साहेब, हे तुम्ही बघून नाही काढलं. पिटुनिया कसा असतो हे तुम्हाला ठाऊक आहे, ते काढलंत."

"मग कसं काढायचं?"

त्यांनी हात लांब करून पेन्सिल उभी धरली, एक डोळा मिटला, अंगठ्याचं नख पेन्सिलीवर सरकवलं. "आधी भिंतीचे सांधे मोजायचे. दगडांचे चौदा थर आहेत. हे फूल तिसऱ्या थराच्या खाली, पाइपापासून सहा नखं. मग ते दुसरीकडे जाऊच शकत नाही." ट्रेसरचा तो स्वभाव. फुलं वाऱ्यानं हलतात, ऊन सरकतं, म्हणून भिंत आणि पाइप हा त्यांचा आलेखाचा कागद होता. तो आधी नेमका उतरवायचा, मग त्यावर फुलं. पांढऱ्या पाकळ्यांसाठी पांढरा रंग त्या वापरत नसत. तेवढा कागद कोरा सोडायच्या आणि भोवती रंग भरत जायच्या. पाकळीच्या कडेशी ओला ब्रश आला की त्या श्वास धरून ठेवत. कड चुकली की परत आणता येत नाही, म्हणायच्या.

दीड हजारांचं ते चित्र चौथ्या वर्षाचं. तिसऱ्या सकाळी मी सहज डोकावलो. बोगनवेल फार सुंदर उतरली होती. गडद राणी रंग, त्यात ओलाव्यानं पसरलेला निळा. पण मागची भिंत मध्येच जरा फुगल्यासारखी दिसत होती.

"बाई, भिंतीला पोट आलंय."

"हो. दिसतं तसंच काढलंय."

"पंचवीस वर्षांच्या पत्रिकेवर वाकडी भिंत बरी दिसत नाही. फुलांचं चित्र आहे, भिंतीकडे कोण बघतंय? सरळ करून टाका."

"सरळ करू?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "पण ती आहे तशी..."

"मी सांगतोय ना."

एवढंच झालं. माझे शब्द मी बदललेले नाहीत. एकतीस वर्षं साहेबांचं ऐकलेल्या त्या बाईंनी "बरं" म्हटलं आणि नव्या कागदावर सरळ भिंत काढली. जुना कागद मीच रद्दीत टाकला.

पत्रिका छापली, समारंभ झाला, चित्र फ्रेम होऊन ऑफिसात लागलं. मी पाकीट घेऊन गेलो तर बाईंनी दार अर्धंच उघडलं. "आत्ता नको. काम पुरं नाही झालं." दुसऱ्यांदा गेलो तेव्हाही तेच. मला वाटलं, कलावंत आहेत, असेल काहीतरी.

पुढच्या फेब्रुवारीत, एका सकाळी सातलाच, बाई माझ्या दारात. त्या चार मजले चढून आल्या होत्या. काखेत चित्रांची गुंडाळी.

"साहेब, तुमच्याकडे मिलिमीटरची पट्टी आहे ना? माझ्या डोळ्यांवर मला भरवसा नाही."

जेवणाच्या टेबलावर त्यांनी पहिल्या तीन वर्षांची आणि त्या आठवड्यातलं नवं अशी चार चित्रं मांडली. सगळ्यांचा कागद एकाच मापाचा. "पाइप आणि भिंतीची कड यांच्यातली जागा मोजा. पाचव्या थराशी." मी मोजली. पहिल्या वर्षी बावीस मिलिमीटर. दुसऱ्या वर्षी एकवीस. तिसऱ्या वर्षी एकोणीस. नव्या चित्रात तेरा.

मी पुन्हा मोजली. तेराच.

"मधलं वर्ष नाही आपल्याकडे," बाई हळूच म्हणाल्या. "त्या वर्षी मी सरळ काढली."

शुभदानं चहा आणला, पण कोणी प्यायलं नाही. भिंतीच्या वर सगळा डोंगराचा उतार होता, आणि पलीकडे नऊ फुटांवर बी विंगच्या तळमजल्याची तीन घरं. दोन नंबरचं स्वयंपाकघर तर बरोबर त्या पोटासमोर. बाई रोज तिथे उभ्या राहून भाकरी करत. "मला रात्री झोप येत नाही," त्या म्हणाल्या, आणि मग पहिल्यांदाच माझ्यासमोर त्यांच्या तोंडून वऱ्हाडी आली. "मले लय भेव लागून राह्यलं, साहेब."

मार्चच्या पहिल्या रविवारी ऑफिससमोरच्या मोकळ्या जागेत विशेष सभा बोलावली. चोवीस घरांपैकी सतरा जण आले. बाईंनी चार चित्रं टेबलावर मांडली आणि खाली बघत, जेमतेम ऐकू येईल असं सगळं सांगितलं. इंजिनिअर बोलावून भिंत तपासून घ्या, एवढीच त्यांची मागणी.

परबकाकांनी चित्रांवरून नजर फिरवली. काकांचा स्वभाव वाईट नव्हता. पण भिंतीला हात लावायचा तर अख्खी बाग उकरावी लागणार होती, आणि बाग ऐन भरात होती. तिला ते सकाळी सहाला आणि दुपारी अडीचला पाणी घालत. त्यांनी उठून ऑफिसातली फ्रेम काढून आणली आणि टेबलावर आपटली.

"ह्या कोणाचा चित्र?"

"माझं," बाई म्हणाल्या.

"गेल्या वर्षीचा. हेच्यात भिंत सरळ हा की नाय? मग एका वर्षात एवढी भायर इली? बाई, भिंत नाय हलली, तुमचो हात हललो." काही लोक हसले. काका मग मालवणी सोडून नीट मराठीत आले, पण आवाज चढाच राहिला. "वय झालं की हात थरथरतो. त्यात लाज कसली? फुलं संपू देत, मे महिन्यात बघू."

बाईंचा हात खरंच थरथरत होता. सगळ्यांना दिसत होता. त्यांनी तो पदराखाली घेतला.

"ते चित्र खोटं आहे," त्या म्हणाल्या. "भिंत तेव्हाही वाकडी होती. मी सरळ काढली."

"का?"

बाई माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी उठलो असतो. माझ्या डोक्यात काय होतं ते लिहितो: अकरा वर्षं खजिनदार आहे, एका पैशाची चूक नाही, आणि आता सगळ्यांसमोर हे. मी समोरच्या वहीत सतराच्या खाली रेघ मारत बसलो.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

ताबडतोब तपासणीच्या बाजूनं चार हात वर झाले. मे महिन्यात बघू, या बाजूनं बारा. एक हात कुठेच वर गेला नाही. तो माझा होता.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, हार्डवेअरच्या दुकानातून गवंडी वापरतात तो ओळंबा आणला आणि बाईंना हाक मारली. फुलं चुकवत आम्ही भिंतीपाशी गेलो. माझ्या खांद्याच्या उंचीवर, पोट जिथे सगळ्यात पुढे आलं होतं, तिथे मी दोरी टेकवली आणि वजन खाली सोडलं. ते हलायचं थांबलं तेव्हा दोरी आणि भिंतीचा पाया यांच्यात साडेचार इंचांचं अंतर होतं. बाईंनी शेजारच्या सांध्यात पेन्सिल घातली. ती अर्धी आत गेली. मार्चमधलं कोरडं ऊन, महिनोन्‌महिने पावसाचा थेंब नाही, आणि पायाशी दगड ओला. वरच्या वस्तीला जाणारी पाण्याची लाइन कुठेतरी आतल्या आत पाझरत असावी. आम्ही बोलायचे थांबलो तेव्हा आतून बारीक वाळू घसरल्याचा आवाज येत होता.

"ऐकलं?" बाईंनी ओठांनीच विचारलं.

मी सभेच्या ठरावाची वाट पाहिली नाही. ओळखीतून एक इंजिनिअर बोलावला. तो बुधवारी आला, भिंतीसमोर दोन मिनिटं उभा राहिला, आणि मग तोंड भिंतीकडेच ठेवून एक एक पाऊल मागे सरकत गेटपर्यंत आला. तिथून म्हणाला, "खालची तीन घरं आजच रिकामी करा. आणि इथे उभं राहून गप्पा मारू नका." भिंत उतरवायला कंत्राटदाराची तारीख त्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारची मिळाली. तोवर पट्टीला दोरी बांधली. संध्याकाळी बाई भाचीकडे गेल्या. बरोबर कपड्यांची पिशवी, रंगांचा डबा, चित्रांची गुंडाळी आणि स्टूल.

पण दुसऱ्या सकाळी आठ वाजता त्या परत गेटपाशी हजर. चुन्याचे ठिपके आता दोरीच्या आत गेले होते. त्यांनी दोरीबाहेर, दोन फूट मागे, नवे तीन ठिपके काढले. "मागे आलं की माप बदलतं. जुन्याशी जुळायचं नाही. आता नवं सुरू करायचं." मग रोज सकाळी आठला आणि दुपारी अडीचला त्या येत, हात लांब करून पाइप मोजत, एका छोट्या वहीत आकडा लिहीत. बरोबर कागदावर थोडी थोडी फुलंही भरत. संध्याकाळी कामावरून आलो की मी आधी ती वही बघायचो. अकरा. अकरा. दहा. दहा. नऊ. तो आकडा बघितल्याशिवाय मला जिना चढवत नसे.

परबकाका दोरी मानत नव्हते. पाणी घालायच्या वेळी खाली वाकून आत जात. मी दोनदा अडवलं. "अरे, झाडां मरतली रे. सोमवारी सगळा उखडतलेच ना? तोपर्यंत तरी पाणी नको?"

त्या सोमवारच्या आदल्या शनिवारी दुपारी मी घरीच होतो. अडीच वाजून गेले होते. मी वही बघायला खाली उतरलो तेव्हा बाई स्टुलावर होत्या, हात लांब केलेला, एक डोळा मिटलेला. त्यांनी हात खाली घेतला, पुन्हा वर केला. मग डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. 

"साहेब, पाइप दिसून नाही राह्यला."

मी वाकून पाहिलं. भिंतीच्या कडेनं पाइप झाकला होता. आणि पट्टीच्या मधोमध, डेलियांपाशी, झारी घेऊन परबकाका पाठमोरे उभे.

मी हाक मारली. काकांनी मागे न बघता हात हलवला, येतो म्हणून. त्यांना कमीच ऐकू यायचं. माझे पाय हलत नव्हते, हे मी लपवत नाही. बाई उठल्या. गॅसचं बटण तीनदा तपासणाऱ्या, लिफ्टला घाबरणाऱ्या त्या बाई दोरीखालून वाकून आत गेल्या, आणि पिटुनियाच्या वाफ्यातून सरळ पळत सुटल्या. आडव्या आलेल्या फुलांवर पाय देत. त्यांनी काकांचा सदरा मागून मुठीत धरला.

"निघा! निघा म्हणते ना इथून!"

"अगो, झारी..."

"मरू द्या झारी! चला!"

काकांचा पाय मुरगळला, ते अर्धे बसले. बाई त्यांना ओढत होत्या. तेव्हा कुठे मी आत गेलो आणि दुसरा हात धरला. आम्ही गेटबाहेर आलो त्यानंतर किती वेळ गेला, हे मला नक्की सांगता येत नाही, आणि मला सहसा सांगता येतं. बाई म्हणत, गॅसचं बटण तीनदा तपासण्याइतका. आधी बोगनवेल हलली, वारा नसताना. मग पोट फुटल्यासारखी भिंत मधून सुटली आणि तिच्यामागून काळी ओली माती आली. आवाजापेक्षा नंतरची शांतता मला जास्त आठवते. दोन नंबरच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसत नव्हती. आत ओट्याच्या वरपर्यंत माती भरली होती. चुन्याचे जुने ठिपके गेले. नवे ठिपके राहिले, त्यांच्यापुढे सव्वा फुटावर माती थांबली होती.

काका जमिनीवर बसून मातीकडे बघत होते. "बाय गे," एवढंच म्हणाले. बाईंच्या मुठीत अजून त्यांचा सदरा होता. दोन्ही हात थरथरत होते, आणि या वेळी त्यांनी ते पदराखाली घेतले नाहीत.

मे महिन्यात मी कांजूरमार्गला त्यांच्या भाचीकडे गेलो. पाकीट बरोबर होतं. बाईंनी ते पुढे सरकवून परत केलं.

"कशाचे?"

"चित्राचे. पंधरा महिने झाले."

"खोट्या चित्राचे कसे घेऊ?"

"बाई, मला वही बंद करायची आहे."

त्यांनी थोडा विचार केला. "मग व्हाउचरवर काय आहे ते लिहा. जसंच्या तसं. मग घेते."

मी लिहिलं. त्यांनी दोनदा वाचलं, एका शब्दावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि मग रेव्हेन्यू तिकिटावर सही केली. ट्रेसरची सही, एकेक अक्षर सुटं.

निघताना त्या मला सोडायला गॅलरीत आल्या. कठड्यावर एका कुंडीत भाचीनं लावलेला पिटुनिया होता, उन्हानं मलूल झालेला. बाईंनी सवयीनं हात लांब केला, पेन्सिल उभी धरली, एक डोळा मिटला. मला वाटलं फूल मोजतायत. पण त्या फुलाच्या वरून समोरच्या सात मजली इमारतीची कड बघत होत्या.

"सरळ आहे?" मी विचारलं.

"आज तरी आहे," त्या म्हणाल्या, आणि नख पेन्सिलीवर तसंच धरून उभ्या राहिल्या.

ती आमची शेवटची भेट. पुढच्या जानेवारीत त्या गेल्या, बाग भरायचा मोसम यायच्या आधी. कुठल्याही भिंतीजवळून जाताना मी अजून कडेला काहीतरी उभं शोधतो, पाइप, खांब, काहीही, आणि मधली जागा बघतो.

ते व्हाउचर मी वार्षिक सभेत उभं राहून वाचलं. बावीस जण हजर होते, परबकाका पहिल्या रांगेत. कोणी हसलं नाही. काका म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं.

रक्कम रुपये दीड हजार फक्त. कोणाला: श्रीमती इंगळे, बी दोन. कशाबद्दल: बागेचे एक चित्र, ज्यात भिंत खजिनदारांच्या सांगण्यावरून सरळ काढली.